रुखसती बाकी आहे

सोलापूर, बुधवार

प्रिय अब्बा,

हे पत्र टेम्पोच्या कागदांच्या पिशवीत, विम्याच्या कागदाखाली ठेवतेय. बार्शीला चादरींचे गठ्ठे उतरवून होईपर्यंत तुम्हाला तास-दीड तास नुसतं बसावं लागतं, तेव्हा वाचा. मराठीत लिहितेय ते शाळेतल्या बाईपणाचा रुबाब दाखवायला नाही. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही, आणि हे आधी फक्त तुम्ही वाचावं असं मला वाटतं. तुमची सातवीपर्यंतची मराठी एवढ्याला पुरेल. एकाच घरात राहून मुलीने बापाला पत्र लिहावं हे विचित्रच आहे. पण तोंडाने सांगायला गेले की मी रडायला लागते आणि तुम्ही लगेच पाणी आणायला उठता. मग राहूनच जातं.

मुंबईहून येऊन चार दिवस झाले. अमेरिकेचा व्हिसा अडला याचं तुम्हाला फारसं काही वाटलेलं नाही, मला ठाऊक आहे. उलट लेक आणखी थोडे दिवस घरात राहील म्हणून बरंच वाटलं असेल. पण तुमच्या जावयाने, अझरुद्दीनने, सरकारी अर्जात तुमच्या मुलीबद्दल खोटं लिहिलं, हे तुमच्या जिव्हारी लागलंय. म्हणून परवा जुम्म्याची नमाज झाली की काझीसाहेबांना भेटून हे नातं सोडवायचं, असं तुम्ही अम्मीला सांगितलंत. मी भाकरी थापत होते. ऐकलं. त्याआधी मला सगळं पहिल्यापासून सांगू द्या, कारण माझ्याच डोक्यात इतका गुंता झालाय की लिहिल्याशिवाय सुटायचा नाही.

आमचा निकाहच मुळात उफराटा. सात रस्त्याजवळचा हॉल घेतला, चारशे माणसांचं जेवण सांगितलं आणि ऐन आठवड्यात तिकडे अमेरिकेत त्यांची रजा रद्द झाली. मग मोबाइलवर निकाह लावायचा ठरला. आसिफभाई खुर्चीवर चढून मोबाइल उंच धरून उभा होता, आणि शिकागोत त्यांचे मामा त्यांच्या डोक्यावरची टोपी नीट करत होते. त्यांचं दुसरं कबूल मध्येच अडकलं, म्हणून काझीसाहेबांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तीनऐवजी पाच वेळा झालं. माझा जावई इतरांपेक्षा दोन गाठी जास्त पक्का बांधलाय, असं तुम्ही वर्षभर सगळ्यांना सांगत होतात. पण त्याच दिवशी तुम्ही अटही घातलीत. निकाह झाला, कागद सुरू होऊ देत. रुखसती, सासरची पाठवणी, मात्र व्हिसा हातात आल्यावर. मोहल्ल्यातल्या दोन मुली निकाह होऊन, सासरी चार दिवस राहून, मग वर्षानुवर्षं माहेरी बसलेल्या तुम्ही पाहिल्या होत्या. तुमचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

पण अब्बा, तेव्हापासून मी नक्की कोण आहे हे मला कळेनासं झालंय. काझीसाहेबांच्या वहीत मी बायको. अम्मी शेजारणींना सांगते, ‘निकाह हुआ है, रुखसती बाकी है,’ आणि हे सांगताना माझ्या मोकळ्या गळ्याकडे अशी बघते, की रुखसतीला घालायचा काळ्या मण्यांचा लच्छा कपाटात आहे याची खूण पटावी. शाळेत दाक्षायणी बाई माझ्यासाठी दोन वेळा स्थळ घेऊन आल्या. शाळेच्या फॉर्मवर विवाहित की अविवाहित हा रकाना आला की मी आधी बाकीचे सगळे रकाने भरते. एका वर्षी विवाहित लिहिलं, दुसऱ्या वर्षी अविवाहित. मुख्याध्यापकांनी विचारलं, मधे काय झालं? काय सांगणार? धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

ते दीड वर्षापूर्वी आले तेव्हाही तेच. बाहेरच्या खोलीत एका खुर्चीवर ते, एका खुर्चीवर मी आणि मध्ये पलंगावर अम्मी भाजी निवडत. सहा दिवसांत अम्मीने एवढी मेथी निवडली की आपण सगळे मेथीला कंटाळलो. तुम्ही त्यांना टेम्पोत घालून गावभर फिरवलंत, पण मला बरोबर घेतलं नाहीत. आणि ते एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. मला वाईट वाटायचं, रागही यायचा, आणि नक्की कुणावर ते कळायचं नाही.

आता मुंबईतल्या त्या मुलाखतीच्या दिवसाचं. वकिलातीच्या आत मोबाइल चालत नाही म्हणून माझा मोबाइल आणि पर्स घेऊन तुम्ही समोरच्या फूटपाथवर उभे राहिलात. त्यांचे मेसेज तुमच्या हातात वाजत होते आणि तुम्ही एकही उघडला नाहीत, हे नंतर मला दिसलं. आत उभ्यानेच बोलायचं असतं. काचेपलीकडे एक तरुण साहेब आणि त्याच्या शेजारी हिंदी बोलणारी एक वयस्क बाई, आपल्या फूफीसारखी दिसणारी. अझरुद्दीन काय काम करतात, फोन किती वाजता करतात, सासूचं नाव काय, सगळं मी धडाधड सांगितलं. चांदसाब टेम्पोवाल्याची मुलगी आहे, पाठांतरात कधी मागे नव्हते. मग बाईंनी विचारलं, निकाहाच्या वेळी दोघं एका जागी नव्हतात, तर त्यानंतर कधी एकत्र राहिलात का? नवरा-बायकोसारखे? काचेतला स्पीकर मोठा होता. माझ्या मागे पांढऱ्या दाढीचे एक बुजुर्ग उभे होते, अगदी आपल्या मशिदीतल्यासारखे. मी म्हणाले, नाही जी, आमच्यात रुखसतीआधी राहत नाहीत. साहेबाने अर्ज चाळला आणि पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानेच. तेव्हा बाईंनी सांगितलं, तुमच्या नवऱ्याने हो लिहिलंय. दोघांपैकी खरं कोण? दूरच्या दूर झालेला निकाह, त्यानंतर एकत्र राहिल्याशिवाय, त्यांच्या कायद्यात लग्न धरलं जात नाही म्हणे. पुरावा आणा, अशी चिठ्ठी दिली.

बाहेर आल्यावर तुम्ही ती इंग्रजी चिठ्ठी एका मुलाकडून वाचून घेतलीत आणि तिथूनच त्यांना फोन लावलात. मी इतकी वर्षं तुमच्या घरात आहे, तुमचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. ‘मेरी बच्ची के नाम पे झूट लिख्या तू?’ एवढंच विचारलंत. स्पीकर चालू होता. मग ते म्हणाले, ‘हौ अब्बा, गलती हुई मेरी.’ आणि मी शेजारी मूग गिळून उभी राहिले. काल तर तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, ‘तू कायकू रोती, तेरी कुछ गलती नै.’ त्यावर मला जास्तच रडू आलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, अब्बा. इथे तो खऱ्याच्या कपाळी बसला. त्यांनी खोटं लिहिलं नाही, खोटं मी बोलले. ते परत गेले त्याच आठवड्यात झीनत आपाचं नवं घर लावायला तुम्हीच मला पुण्याला सोडून आला होतात, आठवतं? ते विमानासाठी म्हणून इथून तीन दिवस लवकर निघाले, ते पुण्यालाच उतरले. आपाने किल्ली माझ्या हातात दिली आणि ती सासूकडे हडपसरला गेली. तिला रागावू नका, मीच तिच्या पाया पडले होते. त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा कुणाची तरी बायको होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुमच्यापासून लपवल्याची वाटते. दीड वर्ष घरात नाही, नाही म्हणत आले, तेच काचेसमोर तोंडातून निघालं. त्यांना खरं सांगता आलं असतं; पण तुमच्यासमोर मला खाली बघावं लागू नये म्हणून त्यांनी गुन्हा अंगावर घेतला. आपा आणि भाईजान, दोघं नवरा-बायको, आम्ही तिथे एकत्र राहिलो असं लिहून द्यायला तयार आहेत. पण मुलीच्या बापाने लिहून दिलं तर त्याला वजन येईल, असं त्यांचे तिकडचे वकील म्हणतात. बापाकडे असलं काही मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, तरी मागते. तुमच्याने नाही झालं तर मी समजेन. पण जुम्म्याला काझीसाहेबांकडे जाऊ नका. त्याआधी तुमच्या जावयाला एक फोन करा. ते पुन्हा हौ अब्बा, माझंच चुकलं म्हणतील. तेव्हा त्यांना थांबवा आणि सांगा, कौसरने मला सगळं सांगितलंय.

तुमचीच, रागावलात तरी तुमचीच,
कौसर