फळ्यावरची बारावी चिठ्ठी

रविवार, १४ तारीख
दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार समोर आल्यावर वाकून करीन, आत्ता कागदावरच घे. आम्ही ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण जिभेला काही झालेलं नाही. भावजींचा खोकला कसा आहे? पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला विचारतेस, "आवाजाला काय झालं?" आणि मग माझी बोबडी वळते. म्हणून लिहिते आहे.

आमच्या औषधगोदामात सध्या वातावरण तंग आहे. तुला माहीत आहे, दर महिन्याला मी सगळ्यांची मागोवा बैठक घेते. काय बरं झालं, काय बिघडलं, पुढे काय करायचं. संगणकावर एक फळा असतो, ज्याने त्याने आपापल्या जागेवरून त्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, पटलेल्या चिठ्ठीला लाल बदामाचं चिन्ह द्यायचं. नावं मी लपवून ठेवते. एकदा लपवली की मलाही दिसत नाहीत. सुरुवातीला मी दर वेळी तेच वाक्य म्हणते, "कोण चुकलं ते नको, काय चुकलं ते सांगा." हे तुझ्याच हॉस्पिटलच्या वॉर्डातलं वाक्य, मी चोरलेलं.

तर, दोन आठवड्यांपूर्वी तीन नंबरची शीतखोली बंद पडली. शनिवारी रात्री यंत्र थांबलं, रविवारी सकाळी कळलं. आतलं सगळं इन्सुलिन टाकून द्यावं लागलं. चार खोकी तर सकाळच्या गाडीने बाहेरही पडली होती. ती परत येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. एकही उघडलेलं नव्हतं. तरी अजून झोपेत मी खोकी मोजते.

खोली तापली की नियंत्रण कक्षात अलार्म वाजतो. तो वाजला नाही, कारण दोन दिवस आधी, गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी त्याचा आवाज बंद केला होता. तासाभरासाठी बंद करता येतो, किंवा 'पुन्हा सुरू करेपर्यंत'. दुसरं दाबलं गेलं. कोणी, ते यंत्र सांगत नाही, कारण कक्षात सगळे एकाच पासवर्डने काम करतात. त्या वेळी पाळी काकांची होती. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले.

गेल्या बुधवारी यावरच खास बैठक घेतली. अकरा चिठ्ठ्या नेहमीच्या होत्या. एकच पासवर्ड कशाला, दोन बटणं इतकी जवळ का, वगैरे. बारावी अशी होती: "अलार्म मी बंद केला. मुद्दाम नाही. सांगायची भीती वाटते." मग एकेक बदाम पडायला लागला. नऊ पडले. माणसं चांगली आहेत गं आमची.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. फार गोड बोलले. दोष कोणालाच द्यायचा नाही, फक्त प्रशिक्षण कोणाला द्यायचं ते कळावं, एवढंच. मी म्हटलं, नावं मलाही दिसत नाहीत. हे खरं आहे. त्यांनी पाळीचा तक्ता उघडला आणि काकांना आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितली.

शुक्रवारी काका सामान न्यायला आले आणि माझ्या टेबलापाशी बसले. मला वाटलं, चिडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "बंद मीच केला असेल गं. पण ती चिठ्ठी मी कधी लिहिली, ते अजिबात आठवत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते." काकूंनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे म्हणे, विस्मरणाच्या. मग त्यांनी माझ्याकडून राजीनामा टाइप करून घेतला. उद्या दहाला देणार आहेत.

ताई, मी तो टाइप केला. शुद्धलेखनसुद्धा तपासलं.

आता लिहितेच. त्या गुरुवारी काका तीन नंबरचं दार उघडून आतले खण तपासत होते, म्हणून अलार्म सारखा वाजत होता. आणि कक्षात एकटीच बसून मी संगणकावर मागोवा बैठक घेत होते, कोणाला दोष न देण्याबद्दल बोलत होते. कोणाचं ऐकू येईना. मी बोलता बोलताच हात लांब करून बटण दाबलं. बारावी चिठ्ठी माझी आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नऊ बदाम पडताना मी म्हणत होते, "ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार."

आणि याहून वाईट ते राहिलंच. काकांनी मला विचारलं होतं, "असं होतं का गं, माणूस लिहितो आणि पार विसरतो?" मी म्हटलं, "वयामुळे होतं कधी कधी." हे मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि माझे आभार मानले.

नोकरी जाईल. कदाचित चौकशीही होईल. आईला काय सांगू? तुझं उत्तर येईपर्यंत थांबावं असं वाटत होतं, पण तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणि थांबले तर दहा वाजून जातील.

म्हणून मघाशी, वरचा परिच्छेद लिहून झाल्यावर, काकांना फोन केला. काकूंनी उचलला, ते फिरायला गेलेत म्हणाल्या. आल्यावर लगेच मला फोन करायला सांगितलंय. मग लॅपटॉप उघडला आणि त्या चिठ्ठीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. राजीनाम्याबद्दलही लिहिलं, वयाबद्दल बोलले तेही.

आत्ता फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक राखाडी गोल दिसतो आहे. म्हणजे आणखी कोणीतरी फळा उघडून वाचतं आहे. कोण, ते कळायला मार्ग नाही. नावं मीच लपवली आहेत.

दोन गोल झाले.

फोन वाजतोय, ताई. उचलते.

तुझी,
भेदरलेली धाकटी