वेडाचा दाखला

९ फेब्रुवारी
म्हाताऱ्याने पुन्हा अर्ज ठोकला! खालच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतो म्हणून. आणि मुलगा नोकरीला कुठे? पाणीखात्यात! स्वतःच्याच ताटात माती कालवायची, दुसरं काय. सासरे म्हणून तोंडावर ‘बाबा’ म्हणते. इथे तरी खरं लिहू दे — डोक्याला ताप आहे नुसता.

११ फेब्रुवारी
म्हाताऱ्याने जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, आता अख्खं गाव त्याचे प्रवासी! जेवताना भाषण — राज्य लोकांचं आहे, सरकारला जाब विचारणं हा आपला हक्क, आपण मालक. मालकाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, तो आधी शिवून घ्या म्हटलं. तर हसले. ह्या माणसाला राग येत नाही, त्याचाच मला जास्त राग येतो.

१२ फेब्रुवारी
वास येतो हे खरं. मीही पाणी उकळते. पण उकळून गप्प बसता येतं ना?

१७ फेब्रुवारी
पाणीखात्यातल्या साहेबांनी ह्यांना सगळ्यांसमोर झापलं. वडिलांना आवरा, नाहीतर धरणावरच्या पंपावर बदली. हे घरी आले आणि बापलेकात जुंपली. हे म्हणाले, अर्ज मागे घ्या. म्हातारा म्हणतो, गल्लीतल्या शिलाईवालीची मुलगी जुलाबांनी दवाखान्यात पडली आहे, तिच्या आईला काय सांगू?
मी नवऱ्याची बाजू घेतली. घेणारच! ‘तुम्हाला वेड लागलंय’ असं तोंडावर म्हटलं आणि चहा मुद्दाम गार दिला.

२३ फेब्रुवारी
साहेबांचं आता नवीनच. नुसता अर्ज मागे घेऊन भागणार नाही. मुलाने लिहून द्यायचं — वडिलांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्यांचे आजवरचे आणि यापुढचे अर्ज विचारात घेऊ नयेत. साक्षीदार म्हणून सुनेची सही. हे मजकूर लिहूनच घेऊन आले.
बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. कागद परत देत म्हणाले, “दे बाळा. तुझी नोकरी राहू दे.” मग माझ्याकडे वळून, “कर गं सही. नाहीतरी म्हणतेसच की.”
टोमणा नव्हता तो. त्यानेच हात थांबला.
खुळा, चक्रम, काय काय म्हणत नाही मी त्यांना! पण ते घरातल्या घरात. सरकारी कागदावर माणूस एकदा वेडा ठरला की उद्या आग लागली म्हणून ओरडला तरी कोण धावणार?
नाही केली सही. हे भडकले — रोज तूच म्हणतेस ना? हो, मीच म्हणते. मीच म्हणेन. साहेब कोण म्हणणारा?

२४ फेब्रुवारी
ह्यांनी शेजाऱ्याची सही घेतली आणि कागद नेऊन दिला. बदली टळली. शेजाऱ्याने बाबांकडे बघणं टाळलं, ह्यांनीही. बाबा गॅलरीत बसून आहेत. खालून शिलाईवालीने हाक मारली तर आत येऊन दार लावून घेतलं.
मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी
बाबा वाढेन ते खातात, मिळेल ते पितात. असा म्हातारा मला नकोय! भांडायचं तरी कुणाशी?

२६ फेब्रुवारी
पाणीखात्यात जाऊन अर्ज दिला. तीच गल्ली, तोच वास, खाली माझी सही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.