एन्टाइस म्हणजे फूस लावणे

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नववीला 'एन्टाइस' शिकवलं. काहीतरी गोड दाखवून माणसाला आपल्याकडे ओढणं. वर्गात हिंदीत सांगितलं — फुसलाना. आणि बजावलं, नुसतं बोलावलं तर हे क्रियापद वापरायचं नाही. आमिष लागतं. एका मुलीने वाक्य केलं, दुकानदाराने पेढा चाखवून शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक ओढलं. शाबास म्हटलं तिला.

घरी येते तो दारात पद्मा, आमच्या गल्लीतल्या ढुंढिराजकाका उपाध्यांची सून. "मधूताई, तुमच्या देवव्रतला आवरा. आमच्या गावांचे यात्रेकरू, आमचे यजमान, तुमच्याकडे कसे उतरतात?" पाणीसुद्धा घेतलं नाही तिने.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झोप नाही. आम्हा काशीतल्या उपाध्यांची गावं वाटलेली आहेत. आलेल्या यात्रेकरूला आधी विचारायचं, गाव कोणतं, उपाध्ये कोण. दुसऱ्याचा निघाला तर चहा पाजून त्याच्या दाराशी पोचवायचं. सासूबाई तर भर उन्हात स्वतः जायच्या. आणि त्यांच्या नातवाने काकांचे यजमान फोडावेत? हा ताटातला घास ओढणं झालं.

ह्यांना सांगितलं. "बघतो," म्हणाले आणि पंचगंगा घाटावर निघून गेले. नेहमीचंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

देवव्रतला धरलं. "आई, छोडो ना. मी कोणालाही बोलावलं नाही." मग येतात कसे? चोवीस वर्षांचा घोडा, आणि लहानपणी साय चोरून खाल्ल्यावर करायचा तसा चेहरा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आमिष शोधते आहे. दक्षिणा कमी घेतो का — नाही. खोल्या त्याच, जेवण तेच. मग मोबाइलवर त्याचं पान सापडलं. घाटाचा फोटो आणि खाली 'स्टेशनवरून मोफत आणू'. सापडलं! काका ऐंशीचे, ते कुठून स्टेशनवर जाणार?

शनिवार, ८ नोव्हेंबर

पुढच्या शुक्रवारी सासूबाईंचं श्राद्ध. मंत्र सांगायला दरवर्षी काकाच येतात. ते आले नाहीत तर पानावर बसायला तरी कोण येईल? एकाने पाऊल मागे घेतलं की सगळे घेतात. सासूबाई माझ्या दारातून उपाशी जातील.

रविवार, ९ नोव्हेंबर

राहवलं नाही. पद्माकडे गेले. गल्लीतल्या चौघीजणी वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच बोलले — "हो, माझ्या मुलाने फूस लावली. पदर पसरते, पण श्राद्धाला काकांना पाठव." पद्मा मऊ झाली. "कबूल केलंत, झालं," म्हणाली. किती दिवसांनी घास गेला आज.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नीलकंठ गुरुजींनी रुद्राच्या आवर्तनांतून देवव्रतला वगळलं. घाटावर कोणी म्हणे त्याला विचारलं, "काय, आज कोणाचे पळवले?" घरी येऊन जेवला, ताट उचललं, घासून ठेवलं. मी काय बोलून आले ते त्याला कळलंय. भांडला असता तरी बरं होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काकांचा निरोप आला, येतो म्हणून. उडीद भिजवले, आमसुलं काढली. जीव अजून थाऱ्यावर नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काका आले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. संकल्पाशीच थांबले ते. सासूबाईंचं नाव येईना, गोत्र येईना. ज्या घरात वर्षानुवर्षं श्राद्ध सांगितलं, त्या घराचं गोत्र! मला आधी वाटलं, रागाने बोलत नाहीत. ह्यांची पळी हातात तशीच राहिली.

देवव्रत मागून सरकला आणि काकांच्या कानाशी हळूच बोलला. काका तेच मोठ्याने म्हणाले. मग पुढेही तसंच, ओळ न् ओळ. दोघांना त्याची सवय होती.

पानं उठल्यावर काका हात धुवायला आत आले. "मधू, लोकांना त्याच्याकडे मीच पाठवतो गं. माझ्याच्याने आता होत नाही. माझी माणसं रिकामी जायला नकोत. पद्माला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मी त्याला. तो बोलला नाही ना कुठे?"

"नाही बोलला," म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी पद्माकडे निघाले, चौघींसमोरचं परत घ्यायला. देवव्रत दारात आडवा आला. "आई, नको. काकांना अजून सगळे वाकून नमस्कार करतात. माझं मैं देख लूँगा."

चपला काढल्या. आता तो गल्लीत फूस लावणाराच राहणार, आणि सगळ्यांना ते त्याच्या आईने सांगितलं आहे.