गुंड्याच्या हिरड्या

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. पेपरातलं तुझ्या फोटोचं कात्रण तिने फ्रिजवर लावलंय, त्यामुळे दूध काढायला गेलं की आधी तू दिसतेस.

तुझं उंदराचं औषध आमच्याच प्रयोगशाळेत तपासायला आलंय, हे तुला कळलं असेलच. उंदीर मरतो, पण तो उंदीर खाणारं मांजर किंवा घुबड मरत नाही. याच गोष्टीमागे मी किती वर्षं घालवली! माझी गोळी मांजराला बाधत नव्हती, हे खरं. पण उंदीरसुद्धा ती नुसती हुंगून पुढे जायचे. साहेब म्हणाले, "बाई, बहिणीकडून शिका जरा." मी हसले. काय करणार?

आता आपल्या कुत्रोबाचं, गुंड्याचं. रविवारी गल्लीत ठेवायची तुझी पाकिटं माझ्या पिशवीत होती. पठ्ठ्याने एक फाडून फस्त केलं.

तेव्हाच त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. तुला फोन करायला हवा होता. नाही केला. "चिऊचं औषध आहे, कुत्र्याला काही होणार नाही," असं स्वतःला बजावलं. असलं विष चढायला काही दिवस लागतात. हिरड्या पांढऱ्या पडतात. मी रोज सकाळी त्याचा ओठ वर करून बघायची. गुलाबी. रोज गुलाबीच. आणि चिऊ, मला हायसं वाटत नव्हतं.

काल तो दाराशी आलाच नाही. कोपऱ्यात पडून कण्हत होता. आधी मला आनंद झाला. अर्धा क्षण असेल. मग मला बघून त्याने शेपटी हलवली. त्याला उचलून अनवाणी पळत दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "एकदम ठणठणीत. पंजात काच घुसली होती, बस्स. तुम्ही का रडताय?"

काय सांगू त्यांना? पोटात दुखतं म्हणतात ना, ते खरोखरच दुखतं गं.

आज साहेबांना सगळं कळवलं: कुत्र्याने पाकीट खाल्लं, सुखरूप आहे. तुझ्या बाजूचा याहून भक्कम पुरावा नसेल, आणि तो मीच दिला.

पुढच्या आठवड्यात तू येशील. गुंड्या अंगावर उड्या मारेल, मारू दे. दार मी उघडीन, चहाही करीन. अभिनंदन मात्र अजून तोंडातून निघत नाही, आणि ओढूनताणून आणलेलं तुला देववत नाही.

तुझी थोरली, वयाने तरी,
ताई