आठपर्यंतची खिडकी

८ सप्टेंबर, सोमवार

नवीन आलेल्या राजेश्वरीनं आज मुख्याधिकारी साहेबांना अर्ज दिला. दाखल्यांची खिडकी सव्वासहाला बंद न करता आठपर्यंत उघडी ठेवा म्हणे! दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघतात, दिवसभर कामावर असलेल्यांना नगरपंचायतीत यायला जमत नाही, मुलांचे जन्मदाखले राहून जातात — वगैरे. दोन पानं, अक्षर टपोरं. नोकरी लागून चार महिने झालेत हिला. त्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसतेय.

साहेब म्हणाले, "असा विचार करायला पाहिजे." माझ्याकडे बघून म्हणाले.

१० सप्टेंबर, बुधवार

कसली अडचण लोकांना? ज्याला दिवसा जमत नाही तो माझ्या घरी येतो. संध्याकाळी कागद देतो, मी सकाळी ऑफिसात नेते, दुसऱ्या संध्याकाळी तो दाखला घेऊन जातो. कुणाकडून कधी काही घेतलं नाही, उलट चहा पाजते. आमचे हे म्हणतात, "आली तुझी गिऱ्हाईकं." मला आवडतं ते. खोटं कशाला लिहू? दारात चार माणसं उभी असली की मला दोन घास जास्त जातात.

आता तीच माणसं राजेश्वरीपुढे उभी राहणार.

११ सप्टेंबर

तिची आज पुन्हा नवी साडी.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये पाळक म्हणाले, दुसऱ्याचं चांगलं बघून आनंद माना. मी आमेन म्हटलं, पण पुटपुटल्यासारखं. डोळे मिटले तरी ती दोन पानंच दिसत होती.

घरी आले तर कडूबाई पायरीवर बसलेली. दरवर्षी तोडीला जायच्या आधी काहीतरी काम घेऊन येते. नातीचा जन्मदाखला हवाय, आधार कार्डासाठी. "जमंल तवा करा बाई, घाई न्हाई." म्हटलं, उद्याच्या उद्या देते. कशाला हवी संध्याकाळची खिडकी?

१५ सप्टेंबर, सोमवार

आज खिडकीच्या वेळेबद्दल बैठक झाली. निवडणूक झालेली नाही, त्यामुळे साहेबच प्रशासक. ते ठरवतील तेच होणार. शिपाई बजरंग म्हणाला, "आठला सुटल्यावर गावाकडं गाडी न्हाई, साहेब." साहेब त्याला म्हणाले, संध्याकाळी बसेल त्यानं सकाळी उशिरा यायचं, आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना बसवणार नाही.

मग मी उठले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, खिडकीची गरजच नाही साहेब, लोक माझ्या घरी येतात.

"किती येतात?"

खरं तर येतात चार-पाच. पण राजेश्वरी वहीवर पेन टेकवून बघत होती माझ्याकडे. तोंडातून निघून गेलं, "रोज वीस-पंचवीस!"

"म्हणजे रोज पंचवीस लोकांना ऑफिस बंद मिळतं," साहेब म्हणाले. संपलं. सहा ऑक्टोबरपासून आठपर्यंत. आदेशात माझं नाव घालून, माझ्याच आकड्यावर!

बाहेर आल्यावर राजेश्वरीनं माझा हात धरला. "मॅडम, तुमच्यामुळं झालं." तिच्यासमोर हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

कडूबाईचा दाखला मात्र दिला.

१६ सप्टेंबर

डोकं दुखतंय. रजा टाकली.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पहिला दिवस. साहेबांनी विचारलं होतं, संध्याकाळी तुम्ही बसता का? नाही म्हटलं. बसू दे तिला.

सात वाजले तरी दारात कुणी नाही. दोनदा अंगणात जाऊन आले. हे म्हणाले, "बरं झालं, निवांत जेवू." अर्धी भाकरीसुद्धा गेली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

राहवलं नाही. भाजी आणायच्या निमित्तानं ऑफिसवरून गेले. रांगेत वीसेक माणसं — आणि त्यांत कडूबाई! विचारलं, आता काय राहिलं? माझ्याकडे का नाही आलात?

ती ओशाळली. "धाकट्या नातीचाबी काढायचा हुता, बाई. तुमच्या दारात दोन कागद मागायला जीव धजंना, म्हून थोरलीचाच मागितला. हितं काय, रांगंत उभं ऱ्हायलं की झालं."

एकोणीस वर्षांत आणखी काही आहे का, असं मी कुणाला विचारलंच नाही.