हिनं काढलेला बूट

३ मार्च, मंगळवार

चित्र गेलं! गिऱ्हाइकांच्या पायांची मापं ज्या प्रोग्राममध्ये आहेत, त्याच्या नावाशेजारी हिनं काढलेला तपकिरी बूट असायचा. कालपासून तिथं कोरा पांढरा कागद. इंग्रजी मला धड वाचता येत नाही, बूट बघूनच दाबायचो. सून म्हणाली, "बाबा, मापं आहेत ना जागच्या जागी? मग जाऊ द्या की." कसं जाऊ द्या! ही जाऊन पाच महिने झाले. तिच्या हातचं तेवढंच रोज डोळ्यांसमोर होतं.

४ मार्च

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. "काका, चित्र ह्या मशीनमध्ये नव्हतंच कधी. काकूंनी प्रोग्राम त्यांच्या लॅपटॉपवर बनवला, चित्र तिथंच ठेवलं. इथं नुसता पत्ता लिहिलाय. प्रोग्राम त्या पत्त्यावर जातो, दार वाजवतो, कुणी ओ देत नाही. मग कोरा कागद दाखवतो."

सुनेचा चेहरा उतरला. हिच्या खोलीत इतके महिने चालूच राहिलेला लॅपटॉप तिनं रविवारी खोली आवरताना भंगारात दिला होता. भंगारवाल्याला फोन केला. त्याच दिवशी फोडला म्हणाला. पत्रा वेगळा, तारा वेगळ्या.

रात्री जेवलो नाही.

५ मार्च

दुपारी चारला बूट आला! दहा मिनिटं होता. मग गेला.

६ मार्च

पुन्हा. बरोब्बर चारला. ही रोज चारलाच मापं भरायला बसायची.

९ मार्च, सोमवार

रोज येतोय. आज बाईंना मुद्दाम आधीच बोलावून बसवलं. चार वाजले नि बूट आला. बाईंनी चष्मा पुसला, फोनवर फोटो काढला, मग मागची इंटरनेटची वायर उपसली. बूट तसाच! "लॅपटॉपच नाही, तर दार उघडतंय कोण?" असं आपल्याशीच पुटपुटल्या.

बूट गेल्यावर म्हणाल्या, "काका, नवं चित्र ह्याच मशीनमध्ये ठेवते, पत्ता बदलते. कायमचा बूट. पाच मिनिटांचं काम."

"अजिबात नको!" खेकसलोच मी. कायमचा असला, तर ही कधी आली, कधी गेली, मला कळणार कसं? हे त्यांना सांगितलं नाही. म्हातारा चळला म्हणायच्या.

१२ मार्च, गुरुवार

घात झाला. कातडं आणायला गेलो होतो, तेवढ्यात सुनेनं बाईंना बोलावलं. परतलो तर दोघी हसतायत. फोटोवरून हुबेहूब बूट बसवलाय. "खूश ना बाबा? आता हलायचा नाही!" बोलता बोलता सुनेचे डोळे भरून आले. लॅपटॉपचं फार मनाला लावून घेतलं होतं तिनं. तिला काय बोलणार? हो म्हणालो.

तीनला बूट. चारला बूट. पाचला बूट. ही आली का? कुणाला विचारू?

१३ मार्च

चारनंतर प्रोग्राममधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत एक कार्ड जास्त. माझं नाव. माझ्या पायांची मापं — डावा पाव इंच मोठा, हे हिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. देण्याची तारीख: उद्या.

एका दिवसात जोड होतो का कधी! गिऱ्हाइकाला वायदा देण्याआधी मला विचारायचीच नाही ही. कातडं कापायला घेतो.