टाळू भरली नाही, फुगली आहे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. खरं तर कान उपटायला हवेत.

“टाळू लवकर भरली” असं कौतुकाने सांगतोस? गाढवा, बाळ शांत असतानाही टाळू टणक आणि वर आलेली असेल, तर ती फुगलेली असते. टोपडं पंधरवड्यात तोकडं पडलं, तू पाठवलेल्या फोटोत नजर खाली लागलेली, बाळ दूध उलटतं, नीट जागं होत नाही. डोक्यात पाणी साठत असेल.

म्हणे मोठं डोकं, मोठी अक्कल! तुझंही मोठंच आहे, काय उपयोग झाला?

बायको नीट जेवते का? तिच्यावर ओरडू नकोस.

फोन आपटलास, म्हणून ड्रायव्हरच्या हाती पत्र धाडलं. त्याला चहा विचारू नकोस, बाळाला घेऊन त्याच गाडीने इस्पितळात जा. वेळेत उपचार झाले तर मुलं सावरतात. मी चुकीची ठरले, तर हवं तेवढं बोल, ऐकून घेईन.

तुझी,
ताई